शत्रूच्या घराची वाट

एखादी दूरचित्रवाणी मालिका गाजली, की तिची पात्रे घेऊन कादंबऱ्या निघू लागतात. रेल्वे स्टेशनवर विकत घ्याव्यात, प्रवासात वाचून संपवाव्यात, अशी त्यांची ख्याती. समीक्षा त्यांच्या वाटेला सहसा जात नाही आणि त्याला कारणही आहे. पात्रे लेखकाची नसतात, त्यांचे हक्क चित्रपट कंपनीकडे असतात. नायकाला मारता येत नाही, त्याचे लग्न लावता येत नाही, त्याचे मन कायमचे पालटता येत नाही. जिथून पात्र उचलले तिथेच ते शेवटी आणून ठेवावे लागते. अशा बांधलेल्या हातांनी लिहिलेल्या मजकुराला साहित्य का म्हणावे, हा प्रश्न रास्तच आहे.

तरीही 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेवर बेतलेल्या काही कादंबऱ्या वाचताना आम्हांला वेगळेच काही जाणवले. नायकाच्या बाबतीत जाचणारे बंधनच इथल्या चांगल्या लेखकांना दुसऱ्या दारातून आत घेऊन गेले आहे. नायकाला हात लावायचा नाही, हे ठरलेले. पण त्याच्या शत्रूचे घर कसे असते, त्या घरातली मुले कोणते खेळ खेळतात, म्हातारी माणसे काय सांगतात, याविषयी मालिका जवळजवळ गप्प होती. तिला शत्रू लागत होता तो लढाईपुरता.

ही मालिका 1966 साली सुरू झाली आणि ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही ती दिसली. 1967 मध्ये तिच्यात क्लिंगॉन आले. काळ शीतयुद्धाचा होता, त्यामुळे क्लिंगॉन म्हणजे सोव्हिएत रशिया हे रूपक प्रेक्षकांना उलगडून सांगावे लागले नाही. मात्र नटांच्या चेहऱ्यांवर जो सावळा रंग फासला गेला आणि ज्या तिरप्या भुवया काढल्या गेल्या, त्या मॉस्कोच्या नव्हत्या. अमेरिकेच्या मनातला 'पूर्वेकडचा क्रूर माणूस' त्या रंगाखाली उभा होता. शत्रू राजकारणातून घेतला, चेहरा मात्र जुन्या पूर्वग्रहातून, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

जॉन एम. फोर्ड यांची 'द फायनल रिफ्लेक्शन' ही कादंबरी 1984 साली आली. फोर्ड हे काही पोटापुरते लिहिणारे गृहस्थ नव्हते. त्यांच्या 'द ड्रॅगन वेटिंग' या स्वतंत्र कादंबरीला त्याच वर्षी वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. 'रिफ्लेक्शन'मध्ये मालिकेचा नायक कॅप्टन कर्क केवळ सुरुवातीला आणि शेवटी येतो, तोही वाचक म्हणून. त्याच्या हाती क्लिंगॉनांविषयीचे एक पुस्तक पडते आणि ते पुस्तक म्हणजेच ही कादंबरी. नायकाला बाजूला सारण्याची ही युक्ती साधी आहे. पण तिच्यामुळे मधली सगळी पाने शत्रूची होतात.

कथा एका अनाथ क्लिंगॉन मुलाची आहे. 'क्लिन झा' नावाच्या बुद्धिबळासारख्या खेळात माणसेच सोंगट्या होतात आणि हा मुलगा त्यांतली एक सोंगटी असतो. एक निष्णात सेनानी त्याला हेरतो आणि आपल्या घरी नेऊन वाढवतो. पुढे हाच मुलगा क्रेन या नावाने जहाजाचा कप्तान होतो. इमॅन्युएल टागोर या अहिंसावादी राजदूताला पृथ्वीवरून क्लिंगॉनांच्या राज्यात आणण्याची कामगिरी त्याच्यावर पडते. टागोर हे आडनाव भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही. ज्या समाजात दुबळेपणाला क्षमा नाही, तिथे शस्त्र न धरणारा हा माणूस आदर मिळवतो. कारण तो घाबरत नाही, हे क्लिंगॉनांना कळते. मैत्री होण्यासाठी दोघांपैकी कोणालाच आपला स्वभाव सोडावा लागत नाही. कादंबरीतला हा भाग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

क्लिन झाचा एक प्रकार असा, की दोन्ही खेळाडूंसाठी पटावर सोंगट्यांचा एकच संच असतो. जी सोंगटी आता माझी, तीच पुढच्या चालीला तुमची. कादंबरीचे नाव या खेळावरून आले आहे. अशा प्रकारच्या लेखनाचे वर्णनही याहून नेमके करता येणार नाही. लेखक आणि मालक एकाच सोंगट्यांनी खेळतात आणि शेवटची चाल बहुधा मालकाची असते. इथेही तसेच झाले. 1987 पासूनच्या नव्या मालिकेने क्लिंगॉनांना मानपान आणि रणशौर्य यांत रमणारे योद्धे बनवले. फोर्ड यांचा डावपेची, विचारी, खेळप्रिय समाज अधिकृत इतिहासातून बाहेर राहिला. हे नुकसान मोठे आहे. एका अख्ख्या ग्रहाला पुन्हा एकाच स्वभावात कोंबले गेले.

डायेन ड्युएन यांनी रोम्यूलनांची बाजू घेतली. पीटर मॉरवूड यांच्याबरोबर लिहिलेल्या त्यांच्या 'द रोम्यूलन वे' (1987) या कादंबरीत एक प्रकरण गोष्टीचे, तर एक इतिहासाचे. व्हल्कन ग्रह सोडून निघालेल्या लोकांचे पिढ्यान् पिढ्या चाललेले स्थलांतर त्यात येते. गोष्टीच्या मध्यभागी पृथ्वीच्या बाजूची एक समाजशास्त्रज्ञ आहे. ती नाव बदलून एका रोम्यूलन घराण्यात नोकर म्हणून राहते, हेरगिरीसाठी. रचना चतुर आहे, कारण घराचे खरे व्यवहार नोकराइतके कोणालाच कळत नाहीत. पण आमचा आक्षेपही इथेच आहे. परक्या समाजात शिरायला वाचकाला अजूनही 'आपले' माणूस सोबत लागते आणि ते माणूस टिपणे काढायला गेलेले असते. ज्यांच्याविषयी बाहेरच्यांनीच फार लिहिले, अशा कोणत्याही समाजातल्या वाचकाला ही टिपणवही ओळखीची वाटेल. लेखकांना याची जाण आहे, हे मान्य केले पाहिजे. ती बाई शेवटी परत जात नाही, तिथेच राहते. अभ्यासाचा विषय तिचे घर होऊन बसतो.

कार्डॅशियनांवरच्या दोन कादंबऱ्या याच्या पुढे जातात. 'डीप स्पेस नाइन' या मालिकेत कार्डॅशिया ही वसाहतवादी सत्ता आहे. तिने शेजारचा बेजॉर ग्रह सुमारे पन्नास वर्षे गुलामीत ठेवला. तिथला शिंपी आणि माजी हेर गॅरॅक याची भूमिका अँड्र्यू रॉबिन्सन यांनी केली होती. भूमिका समजून घेण्यासाठी ते गॅरॅकची डायरी लिहीत आणि त्यातूनच 'अ स्टिच इन टाइम' (2000) ही पत्ररूप कादंबरी झाली. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या कार्डॅशियात गॅरॅक ढिगाऱ्यांतून प्रेते काढतो आणि त्याच दगडविटांचे स्मारक रचतो. जुलूम करणाऱ्या समाजाचेही दुःख खरे असते, पण त्या दुःखाने जुलमाचा हिशेब फिटत नाही, हे इथे आक्रोश न करता सांगितले आहे.

ऊना मॅककॉर्मॅक यांची 'द नेव्हर-एंडिंग सॅक्रिफाइस' (2009) ही आमच्या मते या सगळ्यांत सरस. 1993 च्या एका भागात रुगाल नावाचा कार्डॅशियन मुलगा येतो. त्याला बेजॉरच्या आईबापांनी वाढवलेले असते आणि तो स्वतःच्याच वंशाचा द्वेष करतो. जन्मदाता बाप सापडतो आणि मालिकेचा नायक मुलाला त्याच्या हवाली करतो. एका वाक्यात निकाल लागतो आणि मुलगा पडद्यावरून कायमचा जातो. कादंबरी तिथून सुरू होते. रुगाल कार्डॅशियातल्या श्रीमंत घरात कानातला बेजोरी अलंकार उतरवायला नकार देतो. बाप दुष्ट नाही, घर दुष्ट नाही. तरीही त्याच्यावर अन्याय झाला आहे. रक्त कोणाचे आणि संस्कार कोणाचे, या प्रश्नावर मोठी माणसे निर्णय देतात आणि मुलाला कोणी विचारत नाही.

कादंबरीचे नावही मालिकेतूनच घेतले आहे. तिथे ते एका काल्पनिक कार्डॅशियन ग्रंथाचे नाव आहे. पिढी-दर-पिढी राज्यासाठी झिजणाऱ्या घराण्याची ती कहाणी गॅरॅकला थोर वाटते, तर पृथ्वीवरच्या डॉक्टरला कंटाळवाणी. मॅककॉर्मॅक यांनी ते गौरवाचे नाव उलटे केले. त्याग करणाऱ्यांची गाथा तिकडे होती. ज्याचा त्याग दुसऱ्यांनी परस्पर करून टाकला, त्याची कहाणी इथे आहे.

एक मर्यादा या साऱ्या पुस्तकांना आहे. क्लिंगॉन किंवा कार्डॅशियन कधी उठून म्हणणार नाही, की आम्ही असे नाही. काल्पनिक समाज उत्तर देत नाही, म्हणून त्याच्यावर लिहिणे सोपे. खऱ्या समाजावर लिहिणाऱ्याला ही सवलत नाही आणि ती मिळूही नये. पण उत्तर मिळणार नाही हे ठाऊक असताना या लेखकांनी शत्रूला स्वतःशी वाद घालणारी माणसे दिली, एका ग्रहात अनेक मते दिली. ज्यांच्यावर कोणी जाब विचारणार नाही, त्यांच्याशीही प्रामाणिक राहणे ही लेखकाची खरी कसोटी. हक्क दुसऱ्याचे असलेल्या या स्वस्त पुस्तकांतली निदान दोन पुस्तके त्या कसोटीला उतरतात, एवढे आम्ही निःशंकपणे म्हणू.