पुण्याची खतावणी आणि राहुलाचा आरसा

चीनमधील आत्मपरीक्षणाची परंपरा बुद्धधम्म तेथे पोहोचण्यापूर्वीची आहे. कन्फ्यूशियसचा शिष्य झंगत्सू दररोज तीन बाबतींत स्वतःची तपासणी करीत असे. दुसऱ्याचे काम करताना आपली निष्ठा उणी पडली काय, मित्रांच्या विश्वासास आपण पात्र ठरलो काय आणि गुरूंकडून मिळालेले ज्ञान आचरणात उतरले काय, हे ते तीन प्रश्न होत. तिन्ही प्रश्नांत दुसरा मनुष्य समोर उभा आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या परंपरेतील जो ग्रंथ आज चिनी बौद्धांच्या घरोघरी वाचला जातो, तो मात्र बऱ्याच नंतरचा. मिंग राजवटीतील अधिकारी युआन लियाओफान (१५३३–१६०६) याने आपल्या मुलासाठी लिहिलेले ‘चार उपदेश’ हा तो ग्रंथ. तैपेई येथील ‘बुद्ध एज्युकेशनल फाउंडेशन’ ही संस्था तो छापून विनामूल्य वाटते. याच संस्थेने बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथही मूळ इंग्रजीतून छापून वाटला आहे. एकाच ठिकाणाहून, एकाच सद्भावनेने आलेली ही दोन पुस्तके कर्माविषयी एकच सांगतात काय, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

लियाओफानची कथा थोडक्यात अशी. तरुणपणी एका ज्योतिषाने त्याचे संपूर्ण भविष्य वर्तविले. कोणत्या परीक्षेत कितवा क्रमांक येईल, मृत्यू त्रेपन्नाव्या वर्षी कसा येईल आणि पुत्रप्राप्ती कशी होणार नाही, हे सारे त्यात होते. परीक्षांचे क्रमांक तंतोतंत खरे ठरले आणि लियाओफानने प्रयत्नच सोडला. १५६९ मध्ये नानजिंगजवळच्या छीश्या पर्वतावर त्याची युन्गू या ध्यानसंप्रदायी भिक्खूशी गाठ पडली. युन्गूने त्याच्या दैववादाची कानउघाडणी केली आणि तुला पदवी व पुत्र का मिळू नये, याचे कारण तूच शोध, असे सांगितले. तेव्हा लियाओफानने आपले दोष एकेक करून मोजले : उतावळेपणा, संताप, वाचाळपणा, मद्यपान, रात्ररात्र जागणे, इतकेच नव्हे तर स्वच्छतेचा अतिरेकही. दैवाचे ओझे झुगारून स्वतःच्या वर्तनाकडे वळणारा हा भाग आपल्या वाचकांना मनापासून भावेल, यात शंका नाही.

दुसरा उपदेश दोष सुधारण्याविषयी आहे आणि ग्रंथाचे सारे तेज त्यात आहे. दोष सुधारू पाहणाऱ्याला लज्जा, भय आणि धैर्य या तीन गोष्टी हव्यात, असे लेखक म्हणतो. पहिल्या दोन वाचताच पालीच्या अभ्यासकाला ‘हिरि’ आणि ‘ओत्तप्प’ आठवल्यावाचून राहणार नाहीत. पुढे तो सुधारणेच्या तीन पायऱ्या सांगतो. घडलेल्या कृतीपुरता दोष आवरणे ही पहिली, त्यामागचे कारण समजून तो टाळणे ही दुसरी आणि मनातूनच त्याचे मूळ काढणे ही तिसरी. हा विचार सूक्ष्म आहे.

पण युन्गूने शिष्याच्या हाती एक खतावणीही दिली. सत्कृत्य जमेला मांडायचे, दुष्कृत्य खर्ची टाकायचे, अशी तिची रीत. अशा खतावण्यांचा ताओपंथीय नमुना ११७१ सालचा आहे; चू-होंग या ख्यातनाम भिक्खूने १६०४ मध्ये त्याची बौद्ध आवृत्ती केली. लियाओफानने पदवीसाठी तीन हजार सत्कृत्यांचा संकल्प केला. तो पुरा होण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला. पुढे पुत्रासाठी आणखी तीन हजार आणि चिन-शी या सर्वोच्च पदवीसाठी दहा हजार. त्याच्या पत्नीला लिहिता येत नव्हते. दानधर्माचे एखादे कृत्य झाले की ती हंसाच्या पिसाच्या देठाने पंचांगावर तांबडे वर्तुळ उमटवी. ग्रंथातील सर्वांत हृद्य चित्र हेच. मात्र ती वर्तुळे पुत्रप्राप्तीच्या संकल्पाच्या हिशेबात जमा होत होती, हेही विसरून चालणार नाही.

१५८६ मध्ये चिन-शी होऊन तो बाओदीचा जिल्हाधिकारी झाला. कचेरीच्या आवारात सत्कृत्यांना वाव नाही, दहा हजारांची भरती व्हायची कशी, अशी पत्नीला चिंता पडली. तेव्हा स्वप्नात एका देवतेने सांगितले की, शेतसारा कमी केलास, त्या एकाच कृत्याने दहा हजार पुरे झाले. त्याने दर मू जमिनीमागचा सारा २.३७ फन चांदीवरून १.४६ फनवर आणला होता. एका न्याय्य सार्वजनिक निर्णयाचे मोल हजारो खाजगी दानांइतके आहे, ही जाण त्या काळी लहान नव्हे. परंतु जो सारा मुळातच अवाजवी होता, तो उतरल्यावर शेतकऱ्यांना त्यांचा हक्क मिळाला की अधिकाऱ्याला पुण्य मिळाले? खतावणीला दुसरेच उत्तर ठाऊक आहे. ज्यांच्या पाठीवरचे ओझे उतरले, ते तिच्यात केवळ जमेची एक नोंद होतात.

तिसऱ्या उपदेशात ही अडचण अधिक उघडी पडते. पूर्वजांच्या सत्कृत्यांमुळे वंशज उच्चपदी पोहोचले, अशा दहा घराण्यांच्या कथा तेथे आहेत. एका महापुरात इतर नावाडी वाहत आलेला माल गोळा करीत असता एका नावाड्याने केवळ माणसे वाचविली, ही कथा सुंदरच आहे. पण अधिकारपद हे पुण्याचे फळ ठरविले, की दारिद्र्य हा पापाचा पुरावा ठरावयास वेळ लागत नाही. गरिबांच्या हालअपेष्टांची जबाबदारी झटकण्याची सोय राज्याला आणि समाजाला करून देणे, हाच पूर्वकर्माच्या सिद्धांताचा उपयोग, असे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या चौथ्या खंडात दाखवून दिले आहे. शब्दांचे साम्य मूलभूत भेद झाकते, हा त्यांचा इशाराही तेथेच आहे. तो हिरि-ओत्तप्पाच्या साम्यालाही लागू पडतो. पाली परंपरेत या दोन शक्ती कृतीच्या क्षणी आवरतात. लियाओफानच्या भयामागे मात्र देवता आणि दंड उभे आहेत.

मज्झिमनिकायातील अम्बलट्ठिक-राहुलोवाद सुत्ताशी तुलना केली असता भेद स्पष्ट होतो. या सुत्ताचे चिनी रूप चवथ्या शतकाच्या अखेरीस, मध्यमागमाच्या भाषांतरातून, चीनमध्ये उपलब्ध झाले होते. तेथे भगवान राहुलाला आरशाचा दृष्टांत देतात. काया, वाचा आणि मन यांची प्रत्येक कृती आधी, चालू असताना आणि झाल्यावर न्याहाळायची. कसोटी एकच : यातून मला, इतरांना वा दोघांनाही पीडा होते काय? येथे गणना नाही, पदवी नाही, पुत्र नाही. पूर्वजन्मही नाही. कायेचा वा वाचेचा दोष आढळला तर तो गुरूपुढे वा जाणत्या सहकाऱ्यापुढे उघड करायचा आहे. खतावणी ज्याची त्याच्या उशाशी राहते; सुत्तातील दोष संघापुढे येतो. प्रवारणेच्या प्रसंगी स्वतः भगवानांनी आपल्या कायेत वा वाचेत काही उणे दिसते काय, असे भिक्खूंना विचारल्याचे संयुत्तनिकायात नमूद आहे.

चीनमध्येही हा आक्षेप कुणी घेतला नाही असे नव्हे. ल्यू चोंगचोउ (१५७८–१६४५) या कन्फ्यूशियसपंथी विचारवंताने फलाशेने पुण्य मोजण्यावर कठोर टीका केली आणि आपल्या पद्धतीत केवळ दोषांचीच नोंद ठेवली. लियाओफानचा समाचार घेण्याची गरज त्याला बौद्धांच्या आधी वाटली, ही बाब आपल्याला थोडी अवघड वाटण्यासारखी आहे.

मराठी वाचकांपुढे हा ग्रंथ ठेवताना दुसरा उपदेश राहुलोवादाच्या शेजारी छापावा आणि तिसऱ्याला सविस्तर टीप जोडावी, असे मी सुचवीन. पत्नीच्या तांबड्या वर्तुळांचा परिच्छेद मात्र गाळू नये.