ते झोपले नव्हते

ऑलिव्हर सॅक्स यांचे ‘अवेकनिंग्ज’ हे पुस्तक १९७३ सालचे, त्यावरचा इंग्रजी चित्रपट १९९० सालचा. मुलांना दाखवायला चित्रपट सोयीचा आहे आणि रॉबर्ट डी नीरोचे काम पाहण्यासारखे आहे. तरीही, दाखवणार असाल तर पुस्तक आधी वाचा, असे आम्ही सुचवू.

१९१६-१७च्या हिवाळ्यात व्हिएन्नातील कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो यांच्याकडे काही चमत्कारिक रुग्ण आले. आधी थोडा ताप, मग डोळे नीट न हलणे आणि दिवसचे दिवस झोप. काहींची तर उलट झोपच उडालेली. या मेंदूदाहाला त्यांनी ‘एन्सेफलायटिस लेथार्जिका’ हे नाव दिले. त्यातून वाचलेल्या अनेकांना पुढे काही वर्षांनी कंपवातासारखा विकार जडला आणि ते पुतळ्यासारखे थिजले. अशाच काही रुग्णांना सॅक्स यांनी १९६९ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील रुग्णालयात एल-डोपा दिले. पुस्तकात अशा वीस जणांच्या हकिकती आहेत.

चित्रपट पाहणाऱ्याला मात्र वाटते, की ही माणसे तीस-चाळीस वर्षे कुंभकर्णासारखी झोपली होती आणि औषधाने उठली. हे चूक आहे. सुरुवातीची झोप आणि नंतरचे थिजणे या दोन वेगळ्या बिघाडांच्या खुणा. थिजण्याचे कारण मध्यमेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशींचा नाश. एल-डोपा हा डोपामिनचा कच्चा माल, म्हणून त्याचा उपयोग झाला. थिजलेल्या माणसाला आजूबाजूचे दिसत होते, ऐकू येत होते. पुस्तक हे स्पष्ट सांगते, पण त्याचे नावच वाचकाला भुलवते! शेवटही चित्रपटाने सरळ करून टाकला आहे. पुस्तकात कोणाला औषध सोसले नाही, तर कोणाला त्याचा लाभ पुढेही होत राहिला.

झोपेचे काय? फॉन इकोनोमोंनी मृतांचे मेंदू तपासले. फार झोपणाऱ्यांच्या हायपोथॅलॅमसचा मागचा भाग बिघडलेला होता, झोप उडालेल्यांचा पुढचा. म्हणजे झोप आणणारी यंत्रणा पुढच्या भागात असावी, हा त्यांचा तर्क. झोपेत सक्रिय होणाऱ्या पेशी त्याच भागात उंदरांमध्ये १९९६ साली सापडल्या. आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला सर्वांत सुंदर भाग हाच, आणि चित्रपटात त्याला जागाच नाही.

आणखी एक. ‘१९१८च्या फ्लूमुळे हा रोग झाला’ असे फळ्यावर लिहू नका. पहिले रुग्ण त्या साथीच्या आधीचे आहेत, आणि जपून ठेवलेल्या मेंदूंच्या तुकड्यांत त्या फ्लूचा विषाणू आढळला नाही. कारण अजून सिद्ध झालेले नाही. पण तापानंतर बिघडलेली झोप हा मनाचा खेळ नसतो, एवढे त्या शवविच्छेदनांनी तेव्हाच दाखवले होते. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या कितीतरी जणांना मात्र ‘विचार करू नका, झोप येईल’ एवढेच ऐकावे लागले.

पुस्तकातल्या तळटीपा पुष्कळ आणि लांबलचक आहेत. त्या गाळून वाचू नका.