तंजावरच्या शास्त्र्यांची चार गाऱ्हाणी

तंजावरास बदलून आलेला मराठी अधिकारी पहिल्या महिन्याभरात राजवाडा व सरस्वती महाल पाहून घेतो आणि कोणी सांगितलेच तर शिवगंगा तळ्याजवळच्या १७७९ मधील ख्रिस्तमंदिरातही डोकावतो. तेथे फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेले संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवर पडलेल्या श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्याचा हात सरफोजीराजांनी हाती घेतला आहे, असा तो प्रसंग. परधर्मीय गुरूविषयी मराठी राजाने दाखविलेली ही कृतज्ञता पाहून आमची मान ताठ होते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या शिल्पात नसलेला श्वार्ट्झचा आणखी एक शिष्य होता. त्याचे वाङ्मय वाचू लागले म्हणजे हे चित्र इतके सोपे राहत नाही.

वेदनायकम् शास्त्री (१७७४–१८६४) हे तिरुनेलवेलीकडील वेळ्ळाळ कुळातले. श्वार्ट्झने त्यांना लहानपणीच तंजावरास आणले व शिकविले. पुढे ते तेथील मिशनच्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. भूगोल, खगोल व शारीरशास्त्र हे विषय त्यांनी तरंगंबाडीच्या पाद्र्यांकडून आत्मसात केले होते. त्यांचे ‘बेथलेहेम कुरवंजी’ १८०० च्या सुमाराचे. कुरवंजी या नाट्यप्रकारात डोंगरातली कुरव जातीची स्त्री येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि भविष्य सांगते. सरफोजीराजांच्या नावावर असलेल्या मराठी ‘देवेंद्र कुरवंजी’त हीच कुरवंजी साऱ्या पृथ्वीचा भूगोल गाऊन सांगते. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी, एकाने तमिळमध्ये व दुसऱ्याने मराठीत, एकाच देशी साच्यात युरोपीय विद्या ओतावी, हा आपल्या वाङ्मयेतिहासातील एक रम्य योग होय. त्याची मराठीत पुरेशी चर्चा झालेली नाही, ही तक्रार येथे ओघात नोंदवून ठेवतो.

शास्त्र्यांची रचना राजांच्या रचनेहून सरस आहे असे आमचे मत आहे. राजांची कुरवंजी विद्यार्थ्याला पाठ देते. शास्त्र्यांची कुरवंजी मात्र श्रद्धेचे रूप आहे. तिचा नवरा पक्षी पकडतो, ते पक्षी म्हणजे माणसांचे जीव. गावकुसाबाहेरच्या भटक्या स्त्रीच्या मुखी कवीने आपल्या धर्माचे सर्वोच्च सत्य घातले आहे. ही कल्पना ज्याला सुचली त्याला माणसाची थोरवी कळत नव्हती असे कोण म्हणेल?

आणि तरीही १८२८-२९ या काळात याच कवीने लिहिलेली गाऱ्हाणी आज आपल्यासमोर आहेत. डेनिस हडसन यांच्या २००० सालच्या इंग्रजी ग्रंथात त्यांचा विस्ताराने परामर्श घेतलेला आहे. श्वार्ट्झनंतर आलेल्या नव्या पाद्र्यांनी चार क्रूर कृत्ये केली, असा त्यांचा आरोप होता. जुन्या तमिळ बायबलातील शब्द बदलले; सणासमारंभांतील फुलांना बंदी केली; तमिळ कीर्तने बंद पाडली; आणि प्रार्थनेत व प्रभुभोजनात वेळ्ळाळ व परैयर यांना बळाने एकत्र केले. वेगळे बसणे हा लोकाचार आहे, श्रद्धेशी त्याचा संबंध नाही, आणि श्वार्ट्झसारख्या वडीलधाऱ्यांनी तो चालू दिला होता, असे शास्त्र्यांचे प्रतिपादन.

या गाऱ्हाण्यांची मांडणी पाहण्यासारखी आहे. पहिल्या तीन बाबतींत कवी निःसंशय खरा आहे. फुले, गाणी आणि आजीच्या तोंडून ऐकलेले शब्द हिरावून घेणारा पाद्री अरसिक तर खराच, वर उद्धटही. पण या तीन सुगंधी फुलांच्या माळेत चौथे गाऱ्हाणे असे काही ओवले आहे, की वाचकाने तेही त्याच भावनेने हुंगावे! गाण्यावाचून वंचित होणे आणि शेजाऱ्याला शेजारी बसू न देण्याच्या अधिकाराला मुकणे, ही दोन दुःखे एका जातीची नव्हेत. पाद्र्यांचा दोष असा, की त्यांनीही फुले आणि जात एकाच केरसुणीने झाडावयास काढली. त्यामुळे कवीचे काम सोपे झाले. आपल्या रेव्हरंड टिळकांनी भजन-कीर्तन ख्रिस्तमंदिरात नेले, पण त्याबरोबर पंक्तिभेद नेला नाही. आणि लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त सोवळे कसे एकेका पायरीने गळून पडले हे वाचणाऱ्यास, या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात, हे निराळे सांगावयास नको.

मिशनने शास्त्र्यांना कामावरून दूर केले तेव्हा सरफोजीराजांनी त्यांना दरबारी आश्रय दिला. कवीची कदर केली हे राजाचे औदार्य. मात्र त्या औदार्याच्या छायेत वेगळ्या आसनांची वकिलीही वाढली, हे आपण तंजावरकर भोसल्यांचे गुणगान करताना सोडून देऊ नये. कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी १८३३ मध्ये मंडळीतील जातिभेद ताबडतोब व कायमचा टाकण्याची आज्ञा काढली, तेव्हा अनेक वेळ्ळाळ कुटुंबे बाहेर पडली आणि पुढे त्यांतील पुष्कळांना जातीबाबत सौम्य असलेल्या लाइपझिगच्या लूथरन मिशनने आपलेसे केले.

या वादात एक बाजू आपल्याला वाचावयास मिळते, ती वेळ्ळाळांची. दुसरी जवळजवळ मुकी आहे. तंजावरच्या मराठी राजाच्या सैन्यात राजनायकन् नावाचा परैयर होता. तो १७२८ च्या सुमारास प्रॉटेस्टंट झाला व उपदेशक म्हणून नावाजला. वेळ्ळाळ असलेल्या आरोनला १७३३ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. राजनायकन्‌ला ती कधीच मिळाली नाही, कारण त्याच्या हातून प्रसाद घेण्यास वरचे लोक तयार नव्हते. त्याने कुरवंजी लिहिली असती तर तिच्यात कोणाचा हात कोणी पाहिला असता?

पुढचा इतिहास भिंतींचा आहे. तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळम् येथे १८७२ मध्ये रोमन कॅथलिकांनी मंदिरच दोन पाखांचे बांधले, म्हणजे दोन्हीकडच्यांना वेदी दिसावी पण एकमेकांची तोंडे दिसू नयेत. १९१० मध्ये मधली भिंत पाडली तेव्हा वेळ्ळाळ कोर्टात गेले. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांचा हक्क मानला नाही. तिरुचिरापळ्ळीच्या दफनभूमीत तर मृतांमध्येही भिंत उभी केली गेली. एरैयूर येथे मार्च २००८ मध्ये याच तंट्यातून गोळीबार होऊन दोन माणसे दगावली.

आम्हा सरकारी नोकरांच्या फायलींत हा विषय अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदातून येतो. त्यात आरंभी केवळ हिंदू होते. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. मद्रासच्या एका ख्रिस्ती चर्मकाराच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटले, की धर्मांतरानंतरही तीच दैन्यावस्था तितक्याच तीव्रतेने टिकून आहे, हे दाखवून दिले पाहिजे. न्यायालयाला विसाव्या शतकातला पुरावा हवा होता, हे खरे. पण या दैन्याची मुळे किती खोल आहेत हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने एका थोर कवीने, प्रतिपक्षात उभे राहून, सुंदर तमिळमध्ये लिहून ठेवलेले ते चौथे गाऱ्हाणे काढून वाचावे.