काळा घोड्याचे रहिवासी

दक्षिण मुंबईतल्या जुन्या घरांच्या जाहिराती मी एक साहित्यप्रकार म्हणून वाचते. त्यांची रचना ठरलेली असते. आधी चौरस फूट, मग मजला, लिफ्ट आहे की नाही, आणि शेवटी अंतरं. पूर्वी ही अंतरं स्टेशनाची, शाळेची आणि बाजाराची असत. आता फोर्टमधल्या घरांबद्दल बोलताना जहांगीर आर्ट गॅलरी पायी किती मिनिटांवर, कॅफे कोणत्या कोपऱ्यावर, हे आधी सांगितलं जातं. एका दलालाने मला काळा घोड्याच्या चौकाकडे बोट दाखवून सांगितलं, “मॅडम, ते कवी इथेच बसायचे.” कवीचं नाव त्याला आठवलं नाही. पण कवी बसायचा या गोष्टीला दर आहे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

अरुण कोलटकर ‘वेसाइड इन’मध्ये बसायचे, हे खरंच. तिथल्या टेबलावरून चौक न्याहाळत त्यांनी वर्षानुवर्षं ज्या इंग्रजी कविता लिहिल्या, त्यांचं ‘काळा घोडा पोएम्स’ हे पुस्तक ‘प्रास प्रकाशन’ने २००४ मध्ये काढलं, त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. तेव्हापासून हे पुस्तक त्या परिसराची ओळख म्हणून वापरलं जातं. फेब्रुवारीतल्या महोत्सवाच्या सुमारास येणाऱ्या लेखांत त्याचा उल्लेख नसेल तर चुकल्यासारखं वाटतं. माझी तक्रार या वापराबद्दल आहे. पुस्तक नीट वाचलं तर ते त्या परिसरात घर विकायच्या कामाचं मुळीच नाही. उलट, तिथे राहतं कोण, या प्रश्नाचं त्यात दिलेलं उत्तर विकणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही अडचणीचं आहे.

मी विद्यापीठाच्या वाटेने साहित्याकडे आले नाही. फोर्टमधल्या एका कचेरीत एकतीस वर्षं हिशेब लिहिले आणि जेवणाच्या सुट्टीत वाचलं. त्यामुळे एखादं पुस्तक हाती आलं की त्यातली नोंदवही शोधायची खोड जात नाही. ‘काळा घोडा पोएम्स’मधली माणसं मी एकदा खरोखरच कागदावर मांडली. इडल्या विकणारी बाई आहे, उंदरांचं विष विकणारा आहे, कचऱ्याच्या गाडीत उभं राहून कचरा तुडवणारी मीरा आहे, रस्त्यावर पोराला आंघोळ घालणारी बाई आहे, महारोग्यांचा बँड आहे. कावळा आहे, सायकलचा जुना टायर आहे, उवासुद्धा आहेत. वाचनालयाचे दगडी डेव्हिड ससूनही बोलतात. भाडेपावती किंवा खरेदीखत जवळ असलेला माणूस मात्र या यादीत जवळजवळ नाही.

‘चालत जाण्याच्या अंतरावर सगळं’ हे जाहिरातीतलं वचन या यादीला लावून पाहावं. ते या लोकांच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. न्याहारी, आंघोळ, धंदा, झोप, सगळं एका चौकात. त्यांच्या घराला अंतरच नाही, कारण घर नाही.

या पुस्तकात मालकीचा दावा करणारा एकच प्राणी आहे आणि तो कुत्रा आहे. ‘पाय-डॉग’ ही पुस्तकाच्या तोंडाशी असलेली दीर्घ कविता. पहाटे वाहतूक सुरू व्हायच्या आधी हा गावठी कुत्रा चौकातल्या बेटावर पडलेला असतो. आपल्या अंगावरच्या डागांत त्याला मुंबईचा जुना नकाशा दिसतो. मग तो वंशावळ सांगतो. आईकडून थेट सर बार्टल फ्रिअरने विलायतेहून आणवलेल्या शिकारी कुत्र्यांपर्यंत, आणि बापाकडून युधिष्ठिरामागे चालत गेलेल्या त्या कुत्र्यापर्यंत. समीक्षकांनी यात मिथक आणि उपरोध पाहिला, आणि तो आहेच. पण जुन्या मुंबईत घर घ्यायला गेलेला कोणीही यात आणखी एक गोष्ट ओळखेल. ही वारसाहक्काची कैफियत आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरू वारला की त्याच्यासोबत त्या घरात राहत असलेल्या कुटुंबीयाला भाडेकरूचा हक्क पुढे मिळतो. म्हणून अशा प्रत्येक खटल्यात दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात: मी कोणाचा, आणि मी इथेच राहत होतो. कोलटकरांचा कुत्रा नेमक्या याच दोन गोष्टी सिद्ध करतो. त्याची कागदपत्रं कोणत्याही भाडेकरूपेक्षा जुनी आहेत. तरी दिवस उजाडून गाड्या सुरू झाल्या की जागा सोडून त्यालाच उठावं लागतं.

आता घर घेण्याकडे येते. माझी भाची चित्रकार आहे. पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि बदलापूरला भाड्याने राहते. दोन वर्षांपूर्वी तिने फोन केला, “मावशी, रॅम्पार्ट रोच्या मागे एक खोली मिळतेय. तू कागद बघशील का?” मी बघितले. ‘विकत’ हा शब्द दलालाच्या बोलण्यात होता, कागदात नव्हता. ती खोली पागडीची होती.

या भागात घर घेणं म्हणजे बहुतेकदा हेच, म्हणून ते जरा सविस्तर सांगायला हवं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणभाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं. भाडं थिजलं, जागेची किंमत मात्र वाढत राहिली, आणि या दोन्हींमधल्या दरीत पागडी फोफावली. त्या कायद्याने पागडी घेणं गुन्हा ठरवलं होतं. ती अर्धशतक राजरोस चालली. १९९९ च्या कायद्याने तिला मान्यता दिली आणि भाड्यात वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. पागडीने घेणाऱ्याला मालकी मिळत नाही, भाडेकरूपण मिळतं. तो मोठी रक्कम जुन्या भाडेकरूला देतो, त्यातला हिस्सा, रिवाजाने साधारण तिसरा, घरमालक घेतो आणि नव्या नावाची पावती फाडतो. पावती नावावर झाली नाही तर सगळंच हवेत. आणि गहाण ठेवायला मालकीच नसल्यामुळे बँका अशा घराला सहसा कर्ज देत नाहीत.

या शेवटच्या वाक्यापाशी भाचीचा विषय संपला. ज्याच्याकडे रोकड आहे त्यालाच या परिसरात शिरता येतं, आणि मुखपृष्ठं करणाऱ्यांकडे ती नसते. दरमहा हप्ता फेडायची तिची तयारी होती. तिथे हप्त्याची सोयच नव्हती. कलेच्या परिसरातल्या घराबद्दल बोलताना किमतीची चर्चा होते, पण किमतीआधी व्यवहाराचं स्वरूपच कलावंताला गाळून टाकतं, याकडे फारसं कोणी पाहत नाही.

कलावंत तिथे पूर्वी तरी राहत होते का? काळा घोड्याला कला आली ती दाखवण्यासाठी. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं १९४९ चं प्रदर्शन रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात भरलं. जहांगीर १९५२ ची. त्यातलं ‘समोवार’ १९६४ चं, ते २०१५ मध्ये बंद झालं. ‘ऱ्हिदम हाऊस’ त्याच्या पुढच्या वर्षी. पण गायतोंडे गिरगावातले, हुसेन ग्रँट रोडकडचे. आणि स्वतः कोलटकर प्रभादेवीला एका खोलीत राहत. टेलिफोनही त्यांनी घेतला नव्हता. काळा घोड्यावरचं सर्वांत महत्त्वाचं पुस्तक काळा घोड्याला न राहणाऱ्या माणसाने लिहिलं, हा मला योगायोग वाटत नाही. मुंबईने कला दाखवायची जागा आणि कलावंताने झोपायची जागा या दोन गोष्टी नेहमीच वेगळ्या ठेवल्या आणि मधलं अंतर लोकलवर सोपवलं. काळा घोडा पायी फिरण्याजोगा झाला तो चर्चगेट आणि सीएसएमटी या दोन्ही स्टेशनांतून पायी तिथे पोचता येतं म्हणून. त्याला परिसर बनवला तो येणाऱ्या-जाणाऱ्यांनी.

या दोन जागा एकत्र आणायचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. न्यूयॉर्कच्या सोहो भागात ओस पडलेल्या कारखान्यांच्या मजल्यांवर चित्रकार बेकायदा राहू लागले होते. १९६७ मध्ये जॉर्ज माच्युनस या कलावंताने वूस्टर स्ट्रीटवरची ८० क्रमांकाची इमारत सहकारी तत्त्वावर घेतली. १९७१ मध्ये शहराने नियमच केला: या मजल्यांवर राहायचं तर शहराच्या सांस्कृतिक खात्याकडून कलावंत असल्याचा दाखला आणायचा. घराच्या हक्काला कामाची अट जोडणारा इतका सरळ नियम मला दुसरा माहीत नाही. तरी तो टिकला नाही. शॅरन झुकिन यांनी १९८२ मध्येच ‘लॉफ्ट लिव्हिंग’ या पुस्तकात दाखवून दिलं की चित्रकाराच्या राहणीची मध्यमवर्गाला चटक लागली आणि चित्रकाराने सावरलेली जागा जमिनीच्या भांडवलाच्या कामी आली. दाखला नसलेले श्रीमंत राहत गेले, शहर काणाडोळा करत गेलं, आणि २०२१ मध्ये नियम बदलून इतरांनाही वाट मोकळी केली.

दुसरा प्रयत्न आपल्याकडचा. वांद्रे पूर्वेला चित्रकारांसाठी कलानगर आणि लेखकांसाठी साहित्य सहवास उभं राहिलं. तेव्हा तो भाग दलदलीच्या काठचा होता. चालत जाण्याजोगं तिथे काही नव्हतं. सोहोच्या अगदी उलट: इथे कलावंताला घर मिळालं, पण त्याच्याभोवती दालनं, नाट्यगृहं असा परिसर जमला नाही. पुढे शेजारी वांद्रे-कुर्ला संकुल आलं आणि जमिनीला भाव आला, तो कलेमुळे नव्हे. साहित्य सहवासाचं नाव बाहेरच्यांना माहीत आहे ते कवी रमेश तेंडुलकरांच्या मुलामुळे, आणि त्याने हातात लेखणी धरली नव्हती. मला यात वाईट काही दिसत नाही. घर मुलांना जातं, कला जाईलच असं नाही. कलेच्या नावाने दिलेल्या घराचा हिशेब पुढच्याच पिढीत बदलतो, एवढं मात्र कोणत्याही योजनेने धरून चालायला हवं.

कोलटकरांकडे परत जाऊन त्यांच्याबद्दलचा माझा एक आक्षेप नोंदवते. त्यांची नजर गिऱ्हाइकाची आहे. चहाच्या पैशात मिळालेली खिडकीजवळची खुर्ची ही त्यांची या परिसरातली एकमेव जागा, आणि ती त्यांनी प्रामाणिकपणे तेवढीच वापरली. चौकातल्या लोकांचे आपण सोबती आहोत असा आव ते आणत नाहीत. व्यवसायाने ते जाहिरातीतले नावाजलेले चित्रकार होते, म्हणजे वस्तू आकर्षक कशी करायची हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. आणि ‘ब्रेकफास्ट टाइम’ या दीर्घ कवितेत गरम इडलीभोवती जमलेला घोळका ते इतका देखणा करतात की वाचणाऱ्याला तिथे जावंसं वाटतं. इथे कविता स्वतःच्या विरुद्ध वापरली जाण्याची सोय करून ठेवते. इडलीची वाफ आवडलेला वाचक पुढे त्याच चौकाच्या वर घर शोधू लागला आणि खाली इडलीवाली नको म्हणून महापालिकेकडे अर्ज करू लागला, तर पुस्तकात त्याला अडवणारं काही नाही. कुत्रा अडवतो, पण तो पहाटेपुरताच.

त्याहून मोठी उणीव मला वेगळीच वाटते. काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. तो १९६५ मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत गेला आणि त्याच्या जागी गाड्या उभ्या राहू लागल्या. २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, स्वारावाचून. कोलटकरांना ही रिकामी जागा बरोबर दिसली. पण त्यांची नजर रस्त्याच्या पातळीवर राहिली, वर गेली नाही. वरच्या मजल्यांवर, कचेऱ्यांच्या आणि गोदामांच्या मधल्या खोल्यांत, जुन्या पावत्यांवर राहणारी माणसं होती आणि काही अजून आहेत. कोणी पारशी वृद्ध, कोणी कोकणातून आलेल्या रखवालदाराचं कुटुंब, कोणी शिंप्याची विधवा. दुरुस्ती मंडळाला उपकर भरणारी, लाकडी जिना कधी बसेल म्हणून धास्तावलेली, घरमालकाचं पत्र आलं की वकील गाठणारी. चालत जाण्याच्या अंतरावरची ती दालनं त्यांतल्या किती जणांनी आतून पाहिली असतील कोण जाणे.

या माणसांना मराठीत जागा मिळू शकली असती. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’पासून भाड्याच्या खोलीचं लेखन आपल्याकडे भरपूर आहे. पण ते गिरगाव, दादर, लालबाग इथे थांबतं. फोर्ट आपण साहेबाचा आणि कचेरीचा मानला, संध्याकाळी सहानंतर तिथे कोणी नसतं असं धरून चाललो. माझी भाची ती खोली बघायला गेली तेव्हा आतल्या म्हाताऱ्या बाईंनी तिला आधी चहा दिला आणि मग विचारलं, खिडकी उत्तरेला आहे, चित्रं काढायला बरी पडेल ना? त्या तिथे त्रेपन्न वर्षं राहत होत्या.