एका शुक्रवारच्या दोन तारखा

पवित्र सप्ताहात प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तान्त आपण दोनदा ऐकतो. झावळ्यांच्या रविवारी त्या त्या वर्षाच्या पाठक्रमानुसार मत्तय, मार्क किंवा लूक यांचा. उत्तम शुक्रवारी मात्र दरवर्षी योहानाचाच. हे दोन वृत्तान्त शेजारी ठेवून वाचले, तर त्यांच्या तारखा जुळत नाहीत. बायबल अभ्यासवर्गात एखादा चिकित्सक तरुण हे दाखवून देतो तेव्हा वडीलधारी माणसे अस्वस्थ होतात. शुभवर्तमानांतच एकवाक्यता नसेल, तर विश्वास कशावर ठेवायचा? हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही.

प्रथम भेद नेमका कोठे आहे ते पाहू. यहुदी गणनेनुसार दिवस सूर्यास्तापासून सुरू होतो. निसान महिन्याच्या १४ तारखेला दुपारनंतर मंदिरात वल्हांडणाची कोकरे कापली जात आणि सूर्यास्तानंतर, म्हणजे १५ तारीख लागल्यावर, वल्हांडणाचे भोजन होई. मार्काच्या वृत्तान्तात कोकरे कापण्याच्या दिवशी शिष्य तयारी करतात आणि त्या संध्याकाळी प्रभू त्यांच्यासह भोजनास बसतो. म्हणजे शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन, आणि क्रूसावरील मरण १५ निसानला, ऐन सणाच्या दिवशी. योहानाच्या वृत्तान्तात मात्र शुक्रवारी सकाळी प्रभूला पिलाताकडे नेणारे लोक वाड्यात शिरत नाहीत. विटाळ होऊन वल्हांडणाचे भोजन चुकू नये, याची ते काळजी घेतात. याचा अर्थ ते भोजन अद्याप व्हायचे आहे. तारीख १४ आहे. तासांतही फरक आहे. मार्काच्या मते प्रभूला तिसऱ्या तासाला, सुमारे सकाळी नऊ वाजता, क्रूसावर खिळले. योहानाच्या मते सहाव्या तासाच्या सुमारास, दुपारी, पिलात अजून न्यायासनावरच होता. वार मात्र सर्वांच्या मते शुक्रवारच.

हा भेद प्राचीन ख्रिस्तसभेच्या नजरेतून सुटला नव्हता. इ. स. १७०च्या सुमारास तातियन याने चार शुभवर्तमानांतून एकच सलग वृत्तान्त गुंफला. सिरियाक भाषिक ख्रिस्तसभेत तो दीर्घकाळ वाचला जाई. परंतु पाचव्या शतकात सायरसचे बिशप थिओडोरेट यांनी त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या आणि त्यांच्या जागी चार शुभवर्तमाने दिली. सोयीच्या एका ग्रंथापेक्षा ख्रिस्तसभेला चार स्वतंत्र साक्षी मोलाच्या वाटल्या.

आपल्या भाषेतही सलग कथनाची थोर परंपरा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) सुमारे अकरा हजार ओव्यांत तारणाची कथा एका ओघात सांगते. नवख्रिस्ती श्रोत्यांना असे पुराण हवेच होते. पण पुराणाचे रसग्रहण ज्या दृष्टीने करावे, त्याच दृष्टीने चार साक्षीदारांची साक्ष ऐकू गेल्यास आपली फसगत होते.

मेळ घालण्याच्या आग्रहाची किंमत काय असते, याचे एक उदाहरण संत ऑगस्टीन यांच्या लेखनात आढळते. तिसरा तास आणि सहावा तास यांची सांगड घालताना त्यांनी असा अर्थ लावला की, तिसऱ्या तासाला यहुद्यांच्या जिभांनी प्रभूला क्रूसावर चढविले आणि सहाव्या तासाला शिपायांच्या हातांनी. घड्याळ जुळले, पण त्यासाठी एका संपूर्ण समाजावर दोषाचा भार टाकला गेला. त्या दोषारोपाने पुढील शतकांत काय अनर्थ घडविला हे इतिहासाला ठाऊक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेने १९६५ साली असा दोष त्या वेळच्या सर्व यहुद्यांवर वा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे स्पष्ट केले.

आधुनिक काळात फ्रेंच विदुषी आनी झोबेर यांनी १९५७ साली वेगळा मार्ग सुचविला. कुमरानच्या हस्तलिखितांतून परिचित झालेल्या ३६४ दिवसांच्या सौर पंचांगानुसार प्रभूने मंगळवारी रात्री वल्हांडण साजरे केले असावे, असे त्यांनी मांडले. केंब्रिजचे शास्त्रज्ञ कॉलिन हंफ्रीज यांनी २०११ साली आणखी एक प्राचीन पंचांग पुढे करून बुधवार, १ एप्रिल ३३ ही तारीख काढली. दोन्ही प्रयत्न व्यासंगपूर्ण आहेत. परंतु प्रभूने मंदिराचे पंचांग सोडून दुसरे पाळल्याचे शुभवर्तमानांत कोठेच म्हटलेले नाही. शिवाय या खटाटोपात सुवार्तिक काय सांगत आहेत, हा प्रश्नच मागे पडतो.

मार्काला सांगायचे आहे की, मिसरातून सुटका झाल्याच्या स्मरणभोजनातच प्रभूने भाकर व प्याला हाती घेऊन त्यांना नवा अर्थ दिला. आपली पवित्र मिस्सा हे नवे वल्हांडण आहे. योहानाची दृष्टी मंदिराकडे आहे. कोकरे नवव्या तासापासून अकराव्या तासापर्यंत कापली जात, असे इतिहासकार जोसेफस सांगतो. योहानाच्या चित्रात त्याच दिवशी देवाचे कोकरू क्रूसावर प्राण सोडते. आंब एजोबाच्या काडीवरून दिली जाते आणि प्रभूचे हाड मोडले जात नाही. या दोन्ही खुणा निर्गम ग्रंथाच्या बाराव्या अध्यायातील कोकराच्या आहेत.

तर मग योहानाने केवळ प्रतीकासाठी तारीख बदलली काय? असे म्हणण्याची घाई करू नये. मार्काच्याच वृत्तान्तात कुरेनेकर शिमोन शेतातून येतो, अरिमथाईकर योसेफ तागाचे वस्त्र विकत घेतो आणि प्रभूला सणात धरू नये असे विरोधक आधी ठरवितात. हे तपशील सणाच्या आदल्या दिवसाशी अधिक जुळतात. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७च्या पवित्र गुरुवारी कुमरान पंचांगाची शक्यता अनुकूलतेने मांडली होती. २०११च्या ‘नासरेथचा येशू’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात मात्र ते योहानाच्या कालक्रमाकडे वळले. प्रभूने तेथे स्वतःचे वल्हांडण दिले, असा त्यांचा निष्कर्ष आहे. प्रस्तुत लेखकालाही तो अधिक समाधानकारक वाटतो. मात्र पोपमहाशयांनी तो अभ्यासक म्हणून मांडला आहे, धर्मसिद्धान्त म्हणून नव्हे. श्रद्धेला बाध न येता मत बदलता येते, हेही त्यावरून दिसते.

याउलट, तारखांना महत्त्वच नाही असे म्हणणेही गैर आहे. आपण श्रद्धांगीकारात पिलाताचे नाव उच्चारतो ते उगाच नव्हे. इ. स. २६ ते ३६ या काळात यहुदियावर अधिकार गाजविणाऱ्या एका रोमी अधिकाऱ्याच्या आज्ञेने, वल्हांडणाच्या सुमारास, एका शुक्रवारी प्रभू मरण पावला, याविषयी चारही सुवार्तिकांचे एकमत आहे. संत पौल करिंथकरांना लिहिताना भोजनाची तारीख देत नाही. प्रभूला धरून दिले ती रात्र, एवढेच सांगतो. आणि त्याच पत्रात ख्रिस्ताला आपले वल्हांडणाचे कोकरू म्हणतो. श्रद्धेचा गाभा तारखांच्या चर्चेआधीच तेथे पूर्ण आहे.

ख्रिस्तसभेच्या उपासनेने तर हा प्रश्न केव्हाच आपल्या पद्धतीने हाताळला आहे. पवित्र गुरुवारी संध्याकाळी पहिले वाचन निर्गममधील कोकराचे असते, दुसरे पौलाने सांगितलेल्या भोजनाचे, आणि शुभवर्तमान योहानाचे, ज्याचा आरंभच वल्हांडणाच्या सणापूर्वीच्या वेळेने होतो. एकाच वेदीवरून दोन्ही साक्षी ऐकविल्या जातात. एकीचा आवाज दुसरीसाठी दाबला जात नाही. येत्या पवित्र सप्ताहात घरी कुटुंबप्रार्थनेच्या वेळी मार्काचे चौदावे व पंधरावे अध्याय आणि योहानाचे अठरावे व एकोणिसावे अध्याय लागोपाठ वाचावेत. मुलांनी भेद दाखविले तर त्यांना गप्प करू नये. त्यांच्यासह कोकराचा शोध घ्यावा. तो भोजनाच्या मेजापासून क्रूसापर्यंत आपल्याला नेईल.