अवगत नेमकं कोण?

परदेशातल्या मराठी मंडळांच्या ई-मेलमध्ये हल्ली अशा धाटणीचं वाक्य तुम्हीही वाचलं असेल : ‘सर्व सभासदांना अवगत करण्यात येते की, वार्षिक वर्गणीत वाढ करण्यात आली आहे.’ अर्थ कळतो, त्याबद्दल तक्रार नाही. तरी ते कानाला खटकतं.

मराठीत माणूस अवगत होत नाही, विद्या अवगत होते. ‘तिला मोडी अवगत आहे’ म्हणजे ती तिने शिकून आत्मसात केली आहे. हिंदीत मात्र ‘अवगत कराना’ म्हणजे सरळ माहिती देणं, आणि तिथे ते चपखल बसतं. आपल्या वरच्या वाक्यात अवगत काय झालं, सभासद की वर्गणी?

‘सूचित करणे’ची गत याहून वाईट. हिंदीत सूचना म्हणजे माहिती. मराठीत सूचना म्हणजे काय करावं ते सांगणं, आणि सूचित करणं म्हणजे आडून सुचवणं. २००५ सालचा कायदा हिंदीत ‘सूचना का अधिकार’ आहे, मराठीत ‘माहितीचा अधिकार’. इथे शब्द तसाच उचलला असता, तर मराठी माणसाला सरकारला सूचना करण्याचा अधिकार मिळाला असता! (तोही वाईट नव्हता म्हणा.) पण ‘अमुक यांचे निधन झाल्याचे सूचित करण्यात येते’ असं कुणी लिहिलं की हसू येत नाही. मृत्यूची बातमी आडून सुचवायची नसते.

तुम्ही म्हणाल, सरकारी मराठीतही ‘अवगत करावे’ सापडतं. सापडतं. पण त्याच पत्रांत ‘आपणांस कळविण्यात येते की’ हेही असतं, आणि ते तितकंच भारदस्त आहे. पूर्वापार पत्राचा शेवट होतो तो ‘कळावे, लोभ असावा’ असा. ‘कळवणे’ घरगुती, म्हणून औपचारिक पत्राला चालत नाही, हा समज कुठून आला कोण जाणे.

शिवाय या क्रियापदाला अंतर ठाऊक आहे. समोरच्याला आपण सांगतो, लांबच्याला कळवतो. विमानतळावर आईने ‘पोचलास की कळव’ म्हटलं, तेव्हा ‘सांग’ म्हटलं नाही. आणि ‘कळवणे’ हे ‘कळणे’चं प्रयोजक रूप, म्हणजे समोरच्याला कळलं तरच ते पुरं झालं. ‘अवगत करण्यात येते’ मध्ये पाठवणारा आपली जबाबदारी मेल धाडताक्षणी संपवतो. तो कोण, हेही ‘करण्यात येते’च्या आड झाकलेलं राहतं.

तुम्ही मंडळाचे चिटणीस असाल, तर पुढच्या वेळी असं लिहून पाहा : ‘यंदापासून वार्षिक वर्गणी वाढवत आहोत, हे आपणांस कळवतो.’ आणि किती वाढवली तेही त्याच ओळीत लिहा, खालच्या जोडपत्रात नको.