न्यूनगंड : गाठ कुणी मारली?

एका प्राध्यापक समीक्षकाने माझी कविता परत केली. वर शेरा : 'न्यूनगंडातून आलेला आक्रोश'. मी सातवी पास. रातपाळी करून आलो तरी झोप लागेना. म्हटलं, हा शब्द आला तरी कुठनं? रद्दीवाल्याकडनं पुस्तकं आणली, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली.

तर दोस्तहो, या शब्दामागचा माणूस आल्फ्रेड अ‍ॅडलर. व्हिएन्नाचा डॉक्टर. १८९८ साली त्याचं पहिलं पुस्तक आलं ते शिंप्यांच्या आरोग्यावर. कामाची वाईट जागा, लांबलचक तास, त्यातनं जडणारे आजार. म्हणजे मनाच्या आधी त्याने कामाची जागा बघितली. आमच्या समीक्षकाने हे पान उलटलेलं दिसत नाही.

फ्रॉइडचं मोठेपण मी नाकारत नाही. दडपलेलं मरत नाही, ते स्वप्नातून, दुखण्यातून वर येतं, हे त्याने मांडलं. आमच्या आया अंगात आल्यावर जे बोलतात ते शुद्धीवर असताना त्यांना कुणी बोलू दिलं होतं? पण तो कामप्रेरणेवर अडून बसला. १९११ त अ‍ॅडलर फुटला, १९१३ त युंग. त्याच्या कोचावर पडायचे ते बहुतेक पैसेवाले. गरिबालाही हा उपचार मिळाला पाहिजे, हे १९१८ साली बुडापेस्टला तो स्वतःच बोलला. १९२० त बर्लिनला तसा दवाखाना निघाला; ऐपत नसेल त्याला फुकट.

पण गाठ कुणी मारली, हे रोखठोक विचारलं फ्रान्झ फॅननने. मार्टिनिक बेटावरचा हा काळा माणूस, पुढे मनोविकारतज्ज्ञ. 'काळी कातडी, गोरे मुखवटे' हे त्याचं पुस्तक १९५२ चं. त्यात त्याने अ‍ॅडलरलाही धरलं. हा न्यूनगंड एकट्यादुकट्याचा नाही, समाजाच्या रचनेतून आलाय. आधी तो पोटाचा असतो, मग कातडीत मुरतो.

मी खोटं बोलणार नाही. गाठ माझ्यात आहे. कुणी आडनाव विचारलं की आवाज अजून खाली जातो. फॅननही आपल्याला सोडत नाही. मुखवटा चढवणारा हात आपलाच असतो. पण साच्यावर सूत तुटलं तर मी जोडतो, आणि परत परत तुटलं तर ताण तपासतो. समीक्षकाने सूत बघितलं, ताण बघितला नाही.

कवितेतल्या दोन ओळी मी काढल्या. तिथं मी दया मागत होतो. बाकी कविता आहे तशीच आहे.